गल्लीत आज किती घरे जागी आहेत?

जुलै २०२१ च्या महापुरात एका रात्री आमच्या गल्लीत नेमकी किती माणसे मागे राहिली आहेत, हे कोणालाच ठाऊक नव्हते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ चा अनुभव ताजा असल्यामुळे पाणी चाळिशीकडे सरकू लागताच बावीस घरांपैकी बहुतेकांनी सामान माळ्यावर चढवून मिरज, विश्रामबाग किंवा मिळेल त्या नातेवाइकांचे घर गाठले होते. वीज गेली होती, आणि अंधारात कोणत्या खिडकीमागे माणूस आहे हे ओळखण्याचा मार्ग नव्हता.

साडेअकराच्या सुमारास मागच्या घराच्या गच्चीवरून एक गृहस्थ हाका मारू लागले. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या आणि त्यांच्या मोबाइलची बॅटरी संपली होती. "कोणीतरी बोट बोलवा हो!" एवढेच शब्द पावसातून स्पष्ट ऐकू येत होते. गल्लीत कदाचित मी एकटीच हे ऐकते आहे, असे वाटून मी ताबडतोब नियंत्रण कक्षाला फोन लावला. पलीकडून उत्तर आले, "ताई, त्या गल्लीतून आलेला हा चौथा फोन आहे, बोट निघाली आहे." पाऊण तासाने पहिल्या मजल्याच्या खिडकीतून त्या मुलीला बोटीत उतरवून घेतले.

ते चार फोन माझ्या मनातून जात नाहीत, कारण त्याच वर्षी जूनमध्ये, वळिवाच्या पावसात, डीपीजवळची तार तुटून ठिणग्या उडत होत्या तेव्हा बावीसही घरांतील माणसे गॅलरीत उभी होती, सगळे एकमेकांना पाहत होते आणि मीही त्यांच्यात होते. कोणीतरी कळवले असेल, असे धरून चालत अर्धा तास गेला. शेवटी मी फोन केला, तेव्हा तोपर्यंत एकही तक्रार नोंदली गेली नसल्याचे समजले. माणसे तीच होती आणि जिव्हाळाही तोच होता; फरक होता तो आपण किती जण आहोत हे माहीत असण्यात आणि नसण्यात.

जर्मन समाजशास्त्रज्ञ आंद्रेआस डीकमान यांनी १९८५ मध्ये या प्रसंगाचे गणित मांडले; त्याला स्वयंसेवकाचा पेच म्हणता येईल. एकाने त्रास घेतला की सर्वांचे काम होते, आणि कोणीच घेतला नाही तर सर्वांचे नुकसान होते. फोन करण्याचा त्रास १ आणि मदत येण्याचे मोल ४ धरले, तर आपापला हिशोब करणाऱ्या दोघांपैकी प्रत्येकाने पुढे येण्याची शक्यता ७५ टक्के निघते, तिघांत ती ५० टक्के होते आणि पाच जणांत सुमारे २९ टक्क्यांवर येते. जास्त माणसे म्हणजे जास्त आधार, हा आपला समज इथे टिकत नाही, कारण कोणीच फोन न करण्याची शक्यता दोघांत सुमारे ६ टक्के असते, तर पाचांत ती सुमारे १८ टक्के होते.

आता संख्या अनिश्चित करून पाहावी. मी एकटी असेन किंवा आम्ही पाच जण असू, आणि दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी आहे. सरासरी तीनच येते. पण मी गप्प बसले तर मदत न येण्याची शक्यता किमान निम्मी, म्हणजे नुकसान सरासरीने किमान २, आणि फोनचा त्रास फक्त १. त्यामुळे प्रत्येकाने फोन करणेच शहाणपणाचे ठरते. एकटे असण्याची शक्यता सरासरीपेक्षा कितीतरी जड पडते. आद्रियान हिलेनब्रांड आणि फाबियान विंटर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही, गणिताने आणि प्रयोगाने, गटाची संख्या अनिश्चित असताना माणसे अधिक पुढे येतात असे दिसले. एकाच कामासाठी चार फोन झाले, हा अपव्यय मला अतिशय स्वस्त वाटतो.

अर्थात खरी संख्या किती, यापेक्षा आपण ती किती समजतो, याला महत्त्व आहे. जॉन डार्ली आणि बिब लताने यांच्या १९६८ च्या प्रयोगात शेजारच्या खोलीत कोणाला तरी झटका आल्याचे आवाज ऐकवले गेले. ऐकणारे फक्त आपणच आहोत असे समजणाऱ्यांपैकी ८५ टक्के जणांनी ते आवाज थांबण्यापूर्वीच कळवले; आणखी चौघे ऐकत आहेत असे समजणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्केच होते, आणि ते चौघे तर प्रत्यक्षात फक्त ध्वनिमुद्रित आवाज होते.

मात्र जिथे एकाच्या हाताने काम होत नाही, तिथे हीच अनिश्चितता घातक ठरते. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतील जलसंधारणाच्या स्पर्धेत, सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुका होता आणि त्यातील वेळू गावाने पहिला क्रमांक मिळवला. त्याच तालुक्यातील दुसऱ्या एका गावात मी श्रमदानाला गेले होते. पहाटे चावडीपाशी टिकाव-पाट्या घेऊन आलेली माणसे किती जण जमतात याची वाट पाहत थांबत, आणि पंधरावा-विसावा माणूस दिसेपर्यंत चर खोदायला कोणी शिवाराकडे निघत नसे. तिथे आदल्या रात्री नावे जाहीर होणे आवश्यक होते.

यंदा पावसाळ्यापूर्वी गल्लीच्या व्हॉट्सअॅप गटावर मी सुचवले, की फोनची जबाबदारी गटावर न ठेवता एका नावावर ठेवावी. डीपीसमोरच्या काकांनी स्वतःचे नाव लिहिले आणि ते बाहेरगावी असतील तर म्हणून त्याखाली माझे.