आधी घर बघा, मग कॉलेज: कॉनेमारातला आयरिशचा उन्हाळा

आयर्लंडमध्ये मूल प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात पोचलं की शाळेच्या फाटकापाशी एक शब्द कानावर पडायला लागतो: गेल्टाख्ट. आयरिश ही रोजच्या बोलण्याची भाषा म्हणून सरकारने ठरवून दिलेले जे पट्टे आहेत, ते गेल्टाख्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं तिथे जातात, गावातल्या कुटुंबात राहतात, सकाळी वर्ग, दुपारी खेळ किंवा पोहणं, रात्री हॉलमध्ये केली, म्हणजे आयरिश समूहनाच. या सगळ्यात इंग्रजी बंद. अशा उन्हाळी कॉलेजांची परंपरा जुनी. त्यातलं पहिलं १९०४ साली कॉर्क परगण्यातल्या बॅलिंगिअरीला सुरू झालं. लेकीच्या मैत्रिणींचे आईबाबा स्वतः जाऊन आलेले असतात, त्यांना कुणाला काही विचारावं लागत नाही. डब्लिनमधल्या आपल्या मंडळींकडे तो आठवणींचा साठा नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी गरज आहे का ते बघा. मूल बारा वर्षांचं झाल्यावर भारतातून आलं असेल आणि त्याआधी सलग तीन वर्षं बाहेरच्याच शाळेत असेल, तर आयरिश विषयातून सूट मिळू शकते, शाळेत विचारा. मूल इथेच लहानाचं मोठं झालं असेल तर सुटका नाही, आणि खरं सांगायचं तर सुटका शोधूही नये. लीव्हिंग सर्टच्या, म्हणजे इथल्या शालान्त परीक्षेच्या, आयरिशमध्ये ४० टक्के गुण तोंडी परीक्षेचे असतात. प्राथमिक शिक्षक व्हायचं तर आयरिश चांगलीच यावी लागते. घरात ती भाषा बोलणारं कुणीच नसताना हे ४० टक्के पाठ करून मिळत नाहीत, तोंड उघडावं लागतं.

मग जागा. डोनेगलमध्ये ग्वीडोर आणि रॅनाफास्ट, गॉलवेत कॉनेमारा आणि अॅरन बेटं, केरीत डिंगल द्वीपकल्प, वॉटरफर्डला रिंग. डब्लिनपासून जवळ हवं असेल तर मीथमधलं राथकार्न. हे गाव मोठं गमतीचं आहे: १९३५ साली सरकारने कॉनेमारातली काही कुटुंबं उचलून मीथच्या सुपीक जमिनीवर आणून वसवली, आणि ती मंडळी आपली बोली सोबत घेऊन आली. गेल्टाख्टचा दर्जा मात्र मिळाला थेट १९६७ मध्ये.

बोलीचा बाऊ करू नका. 'कशी आहेस' हे कॉनेमारात 'के खी विल तू', केरीत 'कॉनस ती' आणि डोनेगलमध्ये 'गजे मर अता तू' असं विचारतात. लेकीच्या शाळेतल्या बाई केरीच्या, म्हणून आम्हाला धास्ती होती. बाईंनीच सांगितलं, परीक्षेत कुठलीही बोली चालते, मुलं चार दिवसांत कान बदलतात.

बोलीपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. नकाशावर गेल्टाख्ट लिहिलं म्हणजे दुकानात आयरिश ऐकू येईलच असं नाही. २०२२ च्या जनगणनेत सगळ्या गेल्टाख्टची मिळून लोकसंख्या १ लाख ६ हजारांवर होती, आणि शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे त्यात होते २० हजारांच्या थोडे वर. म्हणजे पाचात एक. हा आकडा वाचला आणि ठरवलं की माहितीपत्रकं बाजूला ठेवून ईस्टरच्या सुट्टीत एकदा प्रत्यक्ष जाऊन यायचं.

डब्लिनहून गॉलवे हा मोटरवेचा सरळ रस्ता, अडीच तासांचा, वाटेत दोन टोल. खरा वेळ गॉलवे शहर ओलांडण्यात जातो. शुक्रवारी दुपारी तिथे अडकलात तर पुढचा समुद्र अंधारातच बघाल. शहर सुटलं की किनाऱ्याचा आर ३३६. बार्ना, फर्बो, स्पिडल, इनव्हेरिन अशी गावं एकाला एक लागून. डावीकडे गॉलवेचा उपसागर आणि पलीकडे क्लेअरचे राखाडी डोंगर, उजवीकडे दगडी गडग्यांनी चिरफाळलेली बारकी शेतं. कोकणातल्या माणसाला गडगे नवे नाहीत, पण इथे इतका दगड आहे की शेत आधी की गडगा आधी, असं वाटतं. रस्त्यावरच्या पाट्या बदलतात: 'यील्ड', म्हणजे 'वाट द्या', जाऊन 'गेल श्ली' येतं. गुगल मॅपवर एक स्पेलिंग, पाटीवर दुसरं, त्यामुळे गावांची आयरिश नावं आधीच कागदावर लिहून ठेवा. गाडी नसेल तर गॉलवेहून ४२४ नंबरची बस याच रस्त्याने जाते.

आम्ही काय केलं, तर प्रत्येक गावात दुकानात शिरलो, काहीतरी किरकोळ घेतलं आणि काउंटरवरची बाई आमच्या मागच्या गिऱ्हाईकाशी काय बोलते ते ऐकलं. आमच्याशी अर्थातच इंग्रजी. स्पिडल देखणं आहे, हस्तकलेची दुकानं आहेत, समुद्र हाताशी आहे, पण गॉलवेपासून वीसेक किलोमीटरवर असल्याने शहराचा वारा लागलेला जाणवतो. जसजसं पश्चिमेला जावं तसतसं बोलणं बदलतं. कॅसला गावात रेडिओ ना गेल्टाख्टा या आयरिश भाषेतल्या रेडिओचं केंद्र आहे. कॅरारोला पेट्रोलपंपावर दोन म्हातारे ट्रॅक्टरच्या टायरवरून हुज्जत घालत होते, ती आयरिशमध्ये. लेक कान देऊन ऐकत होती. तिला कळलं फक्त 'टायर' आणि 'पैसे', पण ही भाषा भांडायलाही वापरतात याचं तिला फार अप्रूप वाटलं. तोवर तिच्यासाठी आयरिश म्हणजे क्रियापदांचे तक्ते.

या फेरीतून आणि दोन-चार आईबाबांशी बोलून माझं एक मत पक्कं झालं: कॉलेजच्या नावापेक्षा मूल कुठल्या घरात राहणार हे जास्त मोलाचं. वर्ग सकाळचे तीन तास. बाकी दिवसभर मूल घरातल्या बाईच्या, म्हणजे 'बॅन अन टी'च्या, राज्यात असतं. ती नाश्ता वाढताना आयरिश बोलते की नुसती हातवाऱ्यांवर भागवते, यावर बरंच अवलंबून. सरकार या घरांना मुलामागे दर रात्रीचं अनुदान देतं आणि घरांची तपासणीही होते. तेव्हा कॉलेजला फोन लावून विचारायला लाजू नका: घर किती वर्षं मुलं ठेवतंय, एका खोलीत किती जणी, बाथरूम किती, घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची गार्डांकडून, म्हणजे पोलिसांकडून, पडताळणी झाली आहे का, रात्री घरात जबाबदार कोण असतं. चांगलं कॉलेज धडाधड उत्तरं देतं. आम्ही एका ठिकाणी विचारलं तर 'सगळी घरं उत्तमच आहेत' एवढंच पालुपद ऐकायला मिळालं. ते यादीतून गेलं. काही ठिकाणी घरांऐवजी वसतिगृह असतं. पहिल्यांदा जाणाऱ्या, लाजऱ्या मुलाला वसतिगृहात गर्दीत लपता येतं, आणि ते लपणंच नको असतं. मी घराच्या बाजूची.

मैत्रिणींचा प्रश्नही येतो. लेकीला वर्गातल्या पाचही जणींसोबत एका घरात राहायचं होतं. सहा जणी एका खोलीत म्हणजे दिवे मालवल्यावर इंग्रजीच. एक मैत्रीण सोबत द्या, टोळी नको. फॉर्मवर नाव सुचवायची सोय असते, तिथे एकच नाव लिहा.

इंग्रजी बोलताना पकडलं तर काय होतं? दर कॉलेजचा खाक्या वेगळा. बहुतेक ठिकाणी आधी ताकीद, मग घरी फोन, आणि ऐकलंच नाही तर बॅग भरून परत. नियमावली मुलाबरोबर बसून वाचा, आणि घरी पाठवलं तर फीचं काय होतं तेही बघून ठेवा. मोबाइल बहुतेक ठिकाणी काढून घेतात आणि ठरलेल्या वेळी थोडा वेळ देतात. हा नियम जिथे ढिला आहे तिथे मी पैसे घालणार नाही.

आता जेवण, कारण आपल्याकडचा पहिला फोन त्याबद्दलच असतो. शाकाहारी असाल तर फॉर्मवर नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून थांबू नका. मासे चालतात का, अंडं चालतं का, जिलेटिन चालतं का, हे एकेक लिहा. आम्हाला बॅन अन टीने आधी स्वतःच फोन केला. तिचे प्रश्न नेमके होते: चीज खाते का, बीन्स खाते का, एकटीचं वेगळं ताट बघून संकोचते का? तिसरा प्रश्न ऐकला आणि मी निर्धास्त झाले. बटाटा रोज असतो, आणि रोज वेगळ्या रूपात असतो. लेकीसोबत लसणीची कोरडी चटणी दिली होती. ओली लोणची देऊ नका, सांडली तर बंक बेडवरच्या दोन्ही मजल्यांना वास लागतो.

बऱ्याच ठिकाणी रविवारी सगळे मासला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जातात. आपल्या मुलाने जावं की नाही हे आधी ठरवून कळवा. तेवढा वेळ घरी थांबायची सोय होते. लेक एकदा गेली. आयरिशमधली गाणी ऐकायला मिळाली म्हणाली.

जुलैमध्ये पाठवलं आणि मधल्या रविवारी भेटायला गेलो. सगळी कॉलेजं भेटीचा दिवस ठेवत नाहीत, आणि पहिल्यांदा घर सोडलेल्या मुलाला मध्येच भेटणं चांगलं की वाईट यावर दोन मतं आहेत. आमच्या लेकीचे पहिले तीन-चार दिवस रडण्यात गेले होते. तेव्हा फोनवर 'नाहीच जमलं तर घ्यायला येऊ' हे वाक्य ओठांवर आलं होतं. ते बोलू नका. एकदा तो दरवाजा किलकिला दिसला की मूल त्याच्याकडेच बघत बसतं.

घरात शिरलो तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर मुलींच्या नावांचा फळा, कुणी टेबल पुसायचं, कुणी भांडी लावायची. चुलीवर टांगलेल्या दांडीवर ओले मोजे. टेबलावर सोडा ब्रेड, लोणी आणि केवढी तरी मोठी चहाची किटली. लेक बॅन अन टीला आमच्याबद्दल काहीतरी सांगत होती, अडखळत, मध्येच हाताने शब्द शोधत. ती बाई वाक्य पूर्ण करून देत नव्हती, नुसती थांबत होती. अंगणात गेल्यावर आम्ही आपले मराठीत सुरू. तिथून जाणारे शिक्षक थबकले, कानोसा घेतला आणि लेकीला आयरिशमध्ये काहीतरी म्हणाले. ती हसून म्हणाली, 'इंग्रजी नाहीये ना, मग चालेल म्हणतायत.' हे सगळीकडे चालेलच असं नाही, तुमच्या कॉलेजला विचारून घ्या.

तीन आठवड्यांत ती फडाफडा आयरिश बोलायला लागली, असं काही झालं नाही. भूतकाळात अजून घसरते. पण आता चुकायची लाज नाही, आणि गाडीत रेडिओ ना गेल्टाख्टावर बातम्या लागल्या की निम्म्या कळतात. शाळेतल्या बाईंना सप्टेंबरमध्ये फरक ऐकू आला. दोन आठवड्यांचे, आठवड्याचेही कोर्स असतात, पण रडण्याचे दिवस वजा केले तर आठवड्यात हाती काय उरतं?

तारखांचं गणित आपल्या घरांत किचकट असतं. प्राथमिक शाळा जूनअखेर सुटतात, म्हणजे सहावीच्या मुलाला जूनचा कोर्स मिळत नाही. माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्षाअखेरची परीक्षा, लोकांच्या तोंडी ज्युनिअर सर्ट, जूनमध्ये चालू असते, त्या मुलांनाही सुरुवातीच्या तारखा जमत नाहीत. त्यात आपली भारतवारी. तिकिटं काढायच्या आधी कोर्स ठरवा, उलटं करू नका. नावनोंदणी आधीच्या शरदात सुरू होते आणि नावाजलेल्या कॉलेजांच्या जुलैच्या जागा लवकर भरतात.

तीन आठवड्यांची फी हजार युरोच्या पुढेच जाते. बसभाडं, खाऊचे पैसे आणि एखादी सहल त्यात धरली आहे का ते बघा. गेल लिन ही आयरिश भाषेसाठी काम करणारी संस्था, स्थानिक क्रेडिट युनियन म्हणजे पतसंस्था, आणि ईटीबी म्हणजे स्थानिक शिक्षण मंडळ, यांच्या शिष्यवृत्त्या असतात. त्यांचे अर्ज शाळेमार्फत येतात आणि कुणी विचारलं नाही तर आयरिशच्या बाईंच्या कपाटात पडून राहतात. शाळेला आठवण करा. रात्री बाहेर राहणं झेपणार नसेल तर डब्लिनमध्येच आयरिश माध्यमाची दिवसाची शिबिरं असतात. लहान भावंडासाठी तीच बरी.

बॅगेत रेनकोट दोन द्या. एक कायम वाळत असतो. केलीसाठी हलके बूट वेगळे, कारण 'वॉल्स ऑफ लिमरिक' हा केलीतला नाच गमबूट घालून नाचता येत नाही. संध्याकाळी समुद्राकाठी मिजेस नावाचे बारीक किडे फोडून काढतात, त्यांचं मलम द्या. कपड्यांवर नाव लिहा, मोज्यांवरसुद्धा. आमच्याकडे परत आलेल्या मोज्यांपैकी निम्मे कुणा दुसरीचे आहेत.