अहरोनाचा आशीर्वाद रोज घरात

बायबलच्या गणना पुस्तकातली 6:24-26 ही तीन वचने, म्हणजे देवाने इस्राएलाचा महायाजक अहरोन याच्या तोंडी दिलेला आशीर्वाद, आपल्या मंडळ्यांत पुष्कळांना तोंडपाठ असतात: ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो; परमेश्वर आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो व तुझ्यावर कृपा करो; परमेश्वर आपले मुख तुझ्याकडे करो व तुला शांती देवो.’ उपासना संपताना पाळक हात उंचावतात आणि ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो’ हे शब्द कानावर पडतात, तेव्हा बाकांवर पिशव्यांची आवराआवर सुरू झालेली असते. आठवड्यातून एकदा, तेही अर्ध्या लक्षाने ऐकण्यासाठी हे शब्द दिलेले नाहीत. ते रोज घरात, एकाने दुसऱ्याला द्यावेत असे मला मनापासून वाटते.

आधी वचन 27 वाचा. याजक माझे नाव इस्राएल लोकांवर ठेवतील आणि मी त्यांना आशीर्वाद देईन, असे तिथे देव म्हणतो. याजक फक्त उच्चार करतो, देणारा देव. दिवसभर मुलांवर चिडचिड केलेल्या आईबापांना रात्री आशीर्वाद देताना संकोच वाटतो. त्यांनी या वचनाचा आधार घ्यावा. आपण याजक नाही ही अडचण वाटत असेल, तर 1 पेत्र 2:9 सगळ्या विश्वासणाऱ्यांनाच राजकीय याजकगण म्हणते.

इब्री भाषेत पहिली ओळ तीन शब्दांची, दुसरी पाच, तिसरी सात. प्रत्येक ओळीत दुसरा शब्द परमेश्वराचे नाव. ओळ वाढत जाते, म्हणून घाईने म्हटले की तिसरीची माती होते, आणि शांती तर त्या तिसरीतच आहे.

रात्रीची कौटुंबिक प्रार्थना झाल्यावर दिवा मालवण्याआधीची वेळ यासाठी चांगली. एकेकाला जवळ घ्यावे, डोक्यावर हात ठेवावा, नाव घेऊन सुरुवात करावी. डोळे मात्र उघडे ठेवावेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत परमेश्वराच्या मुखाची गोष्ट आहे. ती सांगताना आपले तोंड फिरलेले नसावे. प्रत्येक ओळीनंतर एक श्वास थांबावे. ज्याला आशीर्वाद मिळाला त्याने ‘आमेन’ म्हणावे. एका माणसाला अर्धा मिनिट पुरतो. तीन मुले असतील तर तीनदा म्हणावे, एकदम सगळ्यांना नको, कारण मूळ वचनात राष्ट्राला उद्देशूनही ‘तू’च वापरले आहे.

आजोबांना किंवा सासूबाईंना अर्थातच ‘तुम्हाला’ म्हणावे. धाकट्याने थोरल्याला आशीर्वाद कसा द्यायचा, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. रूथ 2:4 मध्ये बवाज शेतात येऊन कापणी करणाऱ्यांना अभिवादन करतो आणि ते मजूर आपल्या मालकाला उलट आशीर्वाद देतात. नातवंडांनी जरूर द्यावा.

बिघडते कुठे? सर्वांत जास्त बिघडते ते आशीर्वादाला बक्षीस केल्याने. मुलाला कमी गुण मिळाले, उलट बोलला, म्हणून आज आशीर्वाद नाही, असे एकदा जरी झाले तरी कृपेची दुसरी ओळ त्याच्यासाठी खोटी ठरते. भांडणाच्या रात्री तर तो चुकवूच नये. दुसरे, त्यात स्वतःच्या अपेक्षा घुसडणे: परीक्षा, नोकरी, लग्न. त्यासाठी वेगळी प्रार्थना करावी; इथे दिलेले शब्दच पुरेत.

आणि तिसरे, ताईत करणे. हा मोह फार जुना आहे. 1979 साली जेरुसलेमजवळ केतेफ हिन्नोम येथील थडग्यांत पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बरकाय यांच्या उत्खननात चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले आहेत. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या अखेरीच्या किंवा सहाव्याच्या सुरुवातीच्या या गुंडाळ्या बहुधा गळ्यात बांधत असत. परमेश्वराचे नाव अंगावर असावे ही ओढ खरी आहे, पण गाडीच्या काचेवर वचन चिकटवले म्हणून अपघात टळत नाही. ज्यांच्यावर हा आशीर्वाद प्रथम उच्चारला गेला, ती मिसरातून निघालेली इस्राएलाची पिढी अरण्यातच संपली. ज्याच्या तोंडी तो दिला तो अहरोन होर डोंगरावर मरण पावला, त्यालाही वचनदत्त देशात जाता आले नाही. तरीही त्या सगळ्या वर्षांत देवाने त्यांना सोडले नाही. संरक्षणाची ओळ आजाऱ्याच्या उशाशी म्हणताना हे ठाऊक असावे. ‘तू बरा होशील’ असे तिथे जोडू नये. त्याचा हात धरून, आवाज बारीक ठेवून तेवढेच शब्द म्हणावेत.

मुलगा पुण्याला किंवा दुबईला असेल तर फोन ठेवण्यापूर्वी म्हणावे. मेसेज पाठवला तर तो वाचला जातो, पण त्यात आपला आवाज नसतो.

घरात एकट्याने राहणाऱ्यांसाठी स्तोत्र 67 आहे. त्याचे पहिले वचन याच आशीर्वादावर उभे आहे, फक्त तिथे तो ‘आम्हांवर’ असा मागितला आहे. ते मोठ्याने वाचावे आणि ‘आम्ही’ म्हणताना मंडळीतल्या दोघातिघांची नावे घ्यावीत. पुढच्या रविवारी त्यांपैकी एकाला, पिशवी उचलण्याआधी, तोच आशीर्वाद समोरासमोर द्यायला हरकत नाही.