ठसका आणि ढग

आमच्या घरी मान्सूनची पहिली वर्दी मिठाची बरणी देते. मे महिन्यात खडखडीत असलेलं मीठ जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चमच्याला चिकटायला लागतं. कूलरही गारवा सोडून नुसती चिकचिक फेकतो. समजायचं, आता आलाच. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं. आईला हा आकडा माहीत नाही. ती चार तांदूळ टाकते आणि विषय संपवते.

ढगाची अर्धी गोष्ट या बरणीतच आहे, हे मला फार उशिरा कळलं. शाळेत शिकलो होतो, वाफ वर जाते, गार होते, ढग बनतो. मधला एक गडी गुरुजींनी गाळला होता. हवा अगदी निर्मळ असेल तर वाफेचा थेंब होता होत नाही. त्यासाठी आर्द्रता कैकशे टक्क्यांवर न्यावी लागेल. बसायला पाट मांडलेला असला, म्हणजे हवेत कण असला, की 100च्या किंचित वर काम भागतं. आणि पाट तरी केवढा? मिलिमीटरचा दहा हजारावा भाग पुरतो.

समुद्रावर हे काम मीठ करतं. पण समुद्र आमच्या नागपूरपासून शेकडो किलोमीटर लांब. इथे पाट मांडणाऱ्यांत धूळ आहे, गाड्यांचा धूर आहे, शेतात जळणाऱ्या कापसाच्या पऱ्हाट्या आहेत, झाडांचे वासही आहेत. संत्रं सोलताना सालीतून जो फवारा नाकात जातो, त्यातल्या लिमोनीन या वासाच्या द्रव्याला हवेतला ओझोन वायू भेटला की वासाचेच कण होतात! काटोलच्या बागा आठवून मला याचं उगाच कौतुक वाटतं.

आणि फोडणी. सावजी रश्श्याचा ठसका उठला की आमच्या मजल्यावरची चार घरं खोकतात. त्यातला तेलाचा ताजा कण मात्र पाण्याला जवळ करत नाही. पाणी धरण्याच्या या ताकदीला शास्त्रज्ञांनी कप्पा नावाचा आकडा दिलाय. मिठाचा कप्पा 1च्या वर, सेंद्रिय कणांचा साधारण 0.1, ताज्या तेलाचा जवळपास शून्य. पण हाच कण उन्हात, ओझोनमध्ये फिरत राहिला की त्याला ऑक्सिजन चिकटत जातो आणि त्याचा पाण्याशी असलेला अबोला सुटतो. लोणच्यासारखा मुरतो म्हणा ना.

हे सगळं मी काल मोठ्या उत्साहात आईला सांगितलं.

"म्हंजे माह्या फोडणीनं पाऊस पडते काय?"

"तसं नाही गं. पंगत वाढली आणि वरण तेवढंच असलं, तर तू काय करतेस?"

"सगळ्यायले थोडं थोडं वाढतो."

"ढगात तेच होतं. कण फार झाले की प्रत्येकाच्या वाट्याला पाणी कमी. थेंब बारीक राहतात, लवकर खाली येत नाहीत. पावसाचा एक थेंब व्हायला असे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात."

आईनं खिडकीतून बाहेर पाहिलं. आभाळ भरलेलं, पण वारा पडलेला.

"मंग वरणाले फोडणी देऊ का नको?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तेलात मोहरी टाकली.