मनाली ते सिस्सू, चेन लावून

हिवाळ्यात मनालीहून अटल बोगद्याकडे, त्यापलीकडच्या सिस्सू गावाला जायला निघालं की वाटेत पोलीस गाडी थांबवतात. गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी आहे का, नसेल तर बर्फात पकड यावी म्हणून चाकांवर चढवायची लोखंडी चेन आहे का, एवढंच विचारतात. ताजा बर्फ पडलेला असेल आणि दोन्हींची उत्तरं नकारार्थी असतील, तर गाडी तिथूनच वळवायची. फारच पडला असेल तर सगळ्यांनीच वळवायची. आमची गाडी म्हणजे दादाची पेट्रोल हॅचबॅक. तो नोकरीनिमित्त चंडीगडला असतो, आणि मी पुण्याहून त्याच्याकडे गेले होते. इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना, टायर नेहमीचेच. म्हणजे चेन घेणं आलंच.

मनालीच्या पुढे पलचानच्या बाजूला रस्त्याकडेला भाड्याने चेन देणारे चेनवाले बसलेले असतात. भाव आभाळाकडे बघून ठरतो. आमच्या चेनवाल्याने दोन चेन चाकांसमोर पसरल्या, कड्यांचा पीळ काढला, चाकावर चढवून आधी आतल्या बाजूचा हूक अडकवला, मग बाहेरचा, आणि ताण दिला. "सौ मीटर चलाके रुकना, फिर टाइट करूँगा," म्हणाला आणि खरंच मागून चालत आला. हा दुसरा ताण महत्त्वाचा. गाडी थोडी चालली की चेन चाकावर नीट बसते आणि सैल पडते. सैल चेन तुटली तर आतून ब्रेकच्या पाइपवर आपटू शकते.

"पीछे के लिए भी चाहिए?" त्याने विचारलं. दादा म्हणाला, पुढची चाकं गाडी ओढतात, पुढेच पुरे. बहुतेक सगळे हेच म्हणतात आणि चढाला ते खरंही आहे. चेनवाला हसला. "चढ तो जाओगी मैडम जी."

चढलोच. दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवर जेमतेम पाय ठेवून. पहिल्या गिअरमध्ये चाकाला एकदम जोर मिळतो आणि ते जागच्या जागी फिरतं. फिरणारं चाक खालचा बर्फ घासून गुळगुळीत करतं, म्हणजे आपणच आपल्यासाठी काच तयार करतो. दादा शेजारून "रेस दे, रेस दे" करत होता, त्याला मी गप्प बसवलं. ताम्हिणीत पावसाळ्यात गाडी चालवायची मला सवय आहे. पण ओला डांबरी रस्ता आणि बर्फ यांत किती अंतर आहे ते पहिल्याच वळणावर कळलं. स्टिअरिंग इतकं हलकं झालं, की चाकं खाली आहेत की नाहीत अशी शंका यावी.

आमच्या पुढे एक स्थानिक अल्टो होती, बिनचेनची. एका तीव्र चढावर ती अडली. चालकाने शांतपणे गाडी फिरवली आणि उलट्या गिअरमध्ये चढवली! चढावर गाडीचं वजन खालच्या बाजूला जातं. तोंड वर असेल तर ओढणारी पुढची चाकं हलकी होतात. गाडी उलटी केली की तीच चाकं खालच्या बाजूला येतात आणि त्यांच्यावर भार वाढतो. दादा मेकॅनिकल इंजिनिअर आहे, तरी हे बघून त्याने फोन काढून व्हिडिओच घेतला.

बोगद्याचं दक्षिण तोंड 3,060 मीटरवर आहे. आत शिरण्याआधी चेन काढल्या, कारण आतला 9.02 किलोमीटरचा रस्ता कोरडा. कोरड्या रस्त्यावर चेन खडखडतात, झिजतात, तुटतात, आणि पकडही उलट कमीच होते: रबराऐवजी लोखंड टेकतं. हातमोजे घालूनही बोटं बधिर होतात, पण कंटाळा करून उपयोग नाही. 3 ऑक्टोबर 2020 ला हा बोगदा सुरू झाला आणि 3,978 मीटर उंचीची रोहतांग खिंड न ओलांडता भर हिवाळ्यात पलीकडच्या लाहौल खोऱ्यात जाता येऊ लागलं. आमच्यासारखे हौशी लोक जानेवारीत तिकडे दिसायला लागले ते त्यामुळेच.

उत्तर तोंडातून बाहेर पडलं की लगेच चंद्रा नदीवरचा पूल. कोरड्या बोगद्यातून वेगात येऊन इथे घसरायची पुरेपूर सोय आहे. पुलाखालूनही थंड वारा वाहतो, जमिनीची ऊब नसते, म्हणून रस्त्याआधी पूल गोठतो. त्यावर ब्लॅक आइस धरतो: पातळ, पारदर्शक, खालचं काळं डांबर तसंच दिसतं. पांढऱ्या बर्फाला आपण घाबरतो, याला घाबरायचं सुचतच नाही. टायरचा आवाज अचानक बंद झाला तर समजायचं.

सिस्सूबद्दल फार लिहीत नाही. धबधबा गोठलेला होता, मॅगी महाग होती, ऊन सुंदर होतं. आम्हाला आणखी पुढे केलाँगपर्यंत जायचं होतं, पण एका ढाबेवाल्या काकांनी घड्याळ दाखवलं. दुपारी उन्हाने कडेचा बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावर उतरतं आणि ऊन डोंगराआड गेलं की तेच पाणी गोठतं. "तीन बजे से पहले टनल पार कर लो." त्यांच्यासमोर बसूनच दादाने मॅगीच्या बिलामागे हिशेब मांडला, तो असा:

ताशी 30 किलोमीटरला ब्रेक मारला तर कोरड्या सपाट रस्त्यावर गाडी साधारण 5-6 मीटरमध्ये थांबते. सपाट बर्फाच्या काचेवर पकड सातव्या-आठव्या हिश्श्यावर येते, तिथे सुमारे 35 मीटर लागतात. तीच काच शंभरात आठच्या उतारावर असेल तर? जवळपास 175 मीटर. आणि शंभरात दहाचा उतार असेल तर पकड आणि उतार यांची फिट्टंफाट होते, गाडी थांबतच नाही. वेग निम्मा, 15 केला, तर अंतर एक चतुर्थांश होतं. फोर बाय फोर असली तरी हा हिशेब बदलत नाही. चार चाकांना ताकद मिळते ती पुढे जायला. ब्रेक तर आमच्या हॅचबॅकलाही चारही चाकांना आहेत. 2024 च्या डिसेंबरात मनालीजवळच्या सोलंगच्या उतारावर घसरणाऱ्या गाड्यांचे जे व्हिडिओ फिरले, त्यांत दणकट फोर बाय फोरही होत्या. चढताना काहीच जाणवलं नाही म्हणून बिनधास्त खाली निघायचं, ही त्या गाड्यांची खरी अडचण, असं माझं मत.

आणखी एक गंमत. बर्फ जितका थंड तितका घसरडा, हा समज चुकीचा. उणे वीसला तो बराच कोरडा असतो, टायर धरतो. शून्याच्या आसपास वर पाण्याचा पापुद्रा असतो, तो सगळ्यात वाईट. म्हणजे "आज जरा ऊब आहे" हा दिवस सोपा नसतो.

टायरची हवा कमी करा, असा सल्ला तिथे तिघा-चौघांनी दिला. भुसभुशीत खोल बर्फात किंवा वाळूत त्याचा उपयोग होतो. घट्ट बर्फावर मला तरी फरक दिसला नाही. गेज मात्र मजेदार वागतं. थंडीने टायरमधला दाब चंडीगडपेक्षा चारेक पीएसआयने उतरला असणार, पण उंचीवर बाहेरच्या हवेचा दाबही जवळजवळ तेवढाच उतरतो, आणि गेज दाखवतं तो या दोन दाबांतला फरक, म्हणून काटा होता तिथेच. खरा फरक रबराचा. म्युनिकच्या मावसबहिणीला आमचे फोटो पाठवले तर तिने आधी टायर झूम करून बघितले. सात अंशांच्या खाली नेहमीचं रबर कडक व्हायला लागतं. तिच्याकडे बर्फाळ रस्त्यावर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले टायर कायद्यानेच लागतात. आपल्याकडे दुकानात ते मागून बघा.

परतीला बोगद्याबाहेर चेन पुन्हा चढवल्या. दक्षिण तोंडाजवळच्या धुंदीपासून खालचा उतार आता सावलीत होता. पहिला-दुसरा गिअर, ब्रेकला जवळजवळ हात नाही, म्हणजे पाय नाही. पुढे चेन आणि मागे नुसतं रबर, त्यामुळे एका वळणावर मागची बाजू दरीकडे सरकू लागली. क्लच दाबायचा मोह आवरला, पाय सगळीकडून काढले, स्टिअरिंग मागची बाजू सरकत होती त्याच दिशेला हलकं वळवलं. गाडी सरळ झाली. दादा पुढचा अर्धा तास एक शब्द बोलला नाही, हा त्या सहलीतला विक्रम. सीमा सडक संघटनेच्या माणसांनी जिथे माती-रेती टाकली होती तिथे चाकं धरली की आम्ही दोघंही मोठ्याने श्वास सोडायचो.

पलचानला चेनवाल्याने कडी न् कडी तपासली, एक वाकलेली सापडली आणि अनामतीतून शंभर रुपये कापले. ती आधीच वाकलेली होती असं दादाचं म्हणणं. मी म्हटलं, देऊन टाक, आणि पुढच्या वेळी चारही चाकांना घे.