तुम्ही विचारलंत म्हणून: किती लिटर गळती झाली की घाबरायचं?

मी अणुवीज केंद्रात नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं घटना-अहवाल वाचण्यात गेली, हे कळलं की लोक एक प्रश्न हमखास विचारतात. कुठल्या तरी केंद्रात कूलंटची, म्हणजे भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याची, गळती झाल्याची बातमी आलेली असते, तिच्यात लिटरचा आकडा असतो. मग विचारणा होते, "एवढे लिटर म्हणजे फार झालं का हो? किती झालं की घाबरायचं?"

नुसत्या लिटरवरून मला सांगता येत नाही. माझा उलट प्रश्न असतो: पाणी कुठून गळतंय ते सापडलं का?

दाबयुक्त पाण्याच्या भट्टीत पाणी तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास, वातावरणाच्या सुमारे 150 पट दाबाखाली गाभ्यातून, म्हणजे इंधन असलेल्या भागातून, फिरत असतं. भट्टी बंद केली तरी गाभा तापतच राहतो. बंद केल्या क्षणी पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निर्माण होत असते आणि ती सावकाश उतरते. म्हणजे भट्टी चालू असो वा बंद, पाणी हवंच. पण एवढ्या दाबाखाली, इतके व्हॉल्व्ह, पंपांची सीलं आणि जोड असताना कुठून तरी थोडं पाझरणारच. नियमही तसंच धरून चालतात. अमेरिकेतल्या अशा भट्ट्यांना साधारणपणे ठरवून दिलेली मर्यादा पाहा. उगम माहीत असलेली गळती मिनिटाला 10 गॅलन, म्हणजे सुमारे 38 लिटरपर्यंत चालते. उगम माहीत नसेल तर फक्त 1 गॅलन. आणि पाणी जर दाब पेलणाऱ्या धातूतूनच, म्हणजे पात्राच्या किंवा पाइपच्या भिंतीतून येत असेल, तर शून्य. तिथे थेंबही चालत नाही, भट्टी बंद करावी लागते. सीलमधून मिनिटाला वीस लिटर येतंय आणि ते ठरलेल्या टाकीत जमा होतंय, तर मी निवांत झोपेन. भिंतीतून पेलाभर येत असेल तर नाही.

अडचण अशी, की उगम माहीत नसलेली गळती मोजतात हिशेबाने. किती पाणी घातलं, किती उरलं, तापमान बदलल्यामुळे किती फुगलं-आकसलं, सगळं वजा करून जे जुळत नाही ते 'अज्ञात'. जोडीला गळकं पाणी साठणाऱ्या खड्ड्यातली (संपमधली) पातळी, हवेतली आर्द्रता आणि हवेतला किरणोत्सार पाहतात. बारीक गळती या हिशेबाच्या चुकीतच दडून बसू शकते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी केंद्रात नेमकं हेच झालं. अणुभट्टीच्या झाकणातून नियंत्रक दांड्यांसाठी नळकांडी जातात, त्यांतल्या काहींना तडे गेले होते. त्यांतून पाणी झिरपायचं, वाफ होऊन उडायचं आणि पाण्यात मिसळलेलं बोरिक ॲसिड मागे राहायचं. आकडा कायम मर्यादेच्या खाली. पण हवा तपासणाऱ्या यंत्रांचे फिल्टर गंजाच्या बारीक कणांनी पुन्हा पुन्हा तुंबत होते. कर्मचारी फिल्टर बदलत होते. मार्च 2002 मध्ये झाकण नीट पाहिलं, तेव्हा 15 सेंटिमीटरहून जाड पोलाद एका ठिकाणी ॲसिडने आरपार खाल्लेलं निघालं. आतला दाब पेलत होता तो स्टेनलेस स्टीलचा एक सेंटिमीटरहूनही पातळ अस्तराचा पत्रा.

मला यातली गळती फारशी खटकत नाही, धातूला तडे जातातच. खटकतात ते फिल्टर. फिल्टर बदलणं हे काम म्हणून नोंदवलं गेलं, घटना म्हणून नाही.

मग पुढचा प्रश्न येतो: "पण ते खरं कळवतात का?" बऱ्याचदा कळवतात. लिहिलेलं वाचलं जातं का, यावर माझा जास्त रोख असतो. याच डेव्हिस-बेसीत 24 सप्टेंबर 1977 रोजी दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडून पुन्हा मिटलाच नाही. भट्टी जेमतेम 9 टक्के क्षमतेवर होती आणि ऑपरेटरांना वीसेक मिनिटांत गोम कळली, म्हणून निभावलं. भट्टी बनवणाऱ्या कंपनीतले अभियंते बर्ट डन यांनी फेब्रुवारी 1978 मध्ये अंतर्गत पत्र लिहून बजावलं, की अशा वेळी ऑपरेटर गाभा थंड ठेवणारं आपत्कालीन पाणी फार लवकर बंद करतात, त्यांना स्पष्ट सूचना द्या. त्या सूचना इतर केंद्रांपर्यंत पोचल्या नाहीत. 28 मार्च 1979 ला अमेरिकेतल्याच थ्री माइल आयलंड केंद्रात त्याच कंपनीच्या भट्टीत तसाच व्हॉल्व्ह अडकला. पॅनेलवरचा दिवा विझला होता, पण तो व्हॉल्व्हला बंद होण्याचा आदेश गेला एवढंच दाखवत होता. व्हॉल्व्ह खरोखर मिटला की नाही हे सांगणारं काही नव्हतं. ऑपरेटरांनी आपत्कालीन पाणी कमी केलं. गळती दोन तासांहून अधिक चालली आणि जवळपास अर्धा गाभा वितळला.

लपवालपवीही होते, नाही असं नाही. जपानच्या मोंजू भट्टीत उष्णता वाहून न्यायला पाण्याऐवजी द्रवरूप सोडियम असे; तिथे डिसेंबर 1995 मध्ये सुमारे 640 किलो सोडियम सांडून आग लागली. ते गाभ्यातून न फिरणाऱ्या दुय्यम चक्रातलं, किरणोत्सारी नसलेलं सोडियम होतं. अणुघटनांचं गांभीर्य मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर पातळी 1. पण चालवणाऱ्या संस्थेने जागेचं चित्रीकरण काटछाट करून दाखवलं आणि ते उघडकीला आलं. भट्टी पुन्हा सुरू व्हायला मे 2010 उजाडलं, डिसेंबर 2016 मध्ये ती कायमची मोडीत काढायचं ठरलं. सोडियमपेक्षा त्या चित्रफितीने लोकांचा विश्वास जास्त घालवला, असं माझं मत.

मोजपट्टीचं निघालंच म्हणून सांगतो. 1990 पासूनची ही 0 ते 7 ची पट्टी लोकांना पटकन कल्पना यावी म्हणून केलेली आहे. केंद्राकेंद्रांची तुलना करायला ती वापरू नका. बारीकसारीक सगळं कळवणाऱ्या केंद्राच्या नावावर घटना जास्तच दिसणार.

अहवाल हाती आला की मी आधी 'केलेली उपाययोजना' पाहतो. तिथे 'संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात आली' एवढंच असेल तर उरलेलं वाचताना माझी भुवई चढलेलीच असते. असे अहवाल मी पुष्कळ परत पाठवले आहेत. ज्याला समज दिली तो पुढच्या वेळी कळवणार नाही, आणि तसाच दुसरा व्हॉल्व्ह कुठे बसवलाय हे कोणी तपासलेलं नसतं.

तेव्हा बातमीतल्या लिटरवर थांबू नका. पहिल्या दिवशीचा आकडा घाईघाईने कळवलेला असतो. अमेरिकेत तर घटनेच्या प्रकाराप्रमाणे एका, चार किंवा आठ तासांत फोन करावाच लागतो. कारणमीमांसेचा लेखी अहवाल द्यायला तिथे 60 दिवस मिळतात. पाणी कुठून आलं, पूर्वी असं झालं होतं का, तेव्हा काय केलं होतं, हे सगळं त्यात असतं आणि तो कोणालाही वाचता येतो. तोवर वर्तमानपत्रांचा त्यातला रस संपलेला असतो, त्यामुळे तो आपणच शोधावा लागतो.