दुर्लक्षाच्या यादीतली ओळ

शनिवारी रात्री 'काम निर्विघ्न पार पडलं' असा मेल मीच पाठवला होता. डेटाबेस सर्व्हरवर लिनक्सचं नवं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एक रीबूट, सगळ्या सेवा सुरू. सोमवारी सकाळी डेटाबेस सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचा फोन आला. "सर, मशीनला काय केलंत? सगळं रेंगाळतंय."

त्याने एक क्वेरी दाखवली. आधी ४ सेकंदांत उरकायची, आता ३० लागत होते. प्लॅन तोच, डिस्क निवांत, मेमरी भरपूर. संशय अर्थातच नव्या कर्नलवर. जुन्यावर परत गेलो, पुन्हा रीबूट केला. ढिम्म फरक नाही. यात अर्धा दिवस गेला.

मग बोलता बोलता तो म्हणाला की पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमधलं ऑटो एक्स्प्लेन, म्हणजे क्वेरी कशी चालली ते लॉगमध्ये लिहिणारी सोय, कित्येक महिने चालूच आहे, तेही अ‍ॅनलाइझसकट. म्हणजे पोस्टग्रेस प्रत्येक क्वेरीच्या प्रत्येक टप्प्यावर, जवळजवळ प्रत्येक ओळीमागे दोनदा घड्याळ बघत होतं. प्रॉडक्शनवर हे चालू ठेवणं मला कधीच पटलेलं नाही, पण त्या दिवशी त्याच मोजणीने वाट दाखवली. मोजणी बंद करून तीच क्वेरी चालवली. ४ सेकंद.

म्हणजे काम जड झालंच नव्हतं, वेळ विचारणं जड झालं होतं. पर्फ (प्रोसेसरचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) लावला तर सगळ्यात वर एचपीईटी नावाचं घड्याळ वाचणारं फंक्शन. पोस्टग्रेससोबत घड्याळ किती महाग आहे ते मोजणारं एक छोटं साधन येतं, ते चालवलं. एका वाचनाला साधारण १३०० नॅनोसेकंद. शेजारच्या तशाच सर्व्हरवर ३०. क्वेरीत कोटीभर ओळी मोजल्या जात होत्या. ओळीमागे दोन वाचनं धरली तर २६ सेकंद नुसते घड्याळ बघण्यात. असा हिशोब तंतोतंत जुळतो तेव्हा फार बरं वाटतं, चूक कुणाची का असेना.

प्रत्येक कोअरमध्ये टीएससी नावाचा एक मोजक असतो. आमच्या २.४ गिगाहर्ट्झच्या मशीनवर तो सेकंदाला २४० कोटींनी पुढे सरकतो. तो वाचायला कर्नलमध्ये शिरावंही लागत नाही, म्हणून तो इतका स्वस्त. एचपीईटी हे चिपसेटमधलं, सगळ्यांत मिळून एक घड्याळ. ते वाचायला प्रत्येक वेळी सिस्टिम कॉल, शिवाय ४८ कोअरची तिथे रांग. टीएससीची मोठी अट: सगळ्या कोअरचे मोजक एकमेकांशी जुळले पाहिजेत. दोन सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोसेसर चिपच्या मशीनवर हे जुळवून देणं फर्मवेअरचं, म्हणजे मशीनसोबतच येणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं काम. ते झालंय की नाही हे लिनक्स बूट होताना स्वतः तपासतं. दोन कोअरना आळीपाळीने मोजक वाचायला लावतं आणि नंतरचं वाचन आधीच्यापेक्षा मागे पडलं की ताळमेळ नाही असं समजतं.

शेवटी डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, उघडला. पहिल्याच सेकंदातल्या ओळी होत्या. आधी 'फर्मवेअर बग' असा शिक्का आणि त्यापुढे: सीपीयू ० च्या टीएससी अ‍ॅडजस्ट रजिस्टरमध्ये (मोजकात मिळवायची दुरुस्ती इथे असते) भलामोठा उणे आकडा सापडला, जबरदस्तीने शून्य केला. मग सीपीयू २४ शी, म्हणजे दुसऱ्या सॉकेटमधल्या पहिल्या कोअरशी, तुलना, फरक भरून काढायचा प्रयत्न, तोही फसला. आणि शेवटी, टीएससी बंद करत आहे. शनिवारी रात्री, माझा मेल जायच्या आधी, सगळं लिहून ठेवलेलं होतं.

आमच्या मॉनिटरिंगमध्ये कर्नल लॉगवर पहारा आहे. मग ही ओळ कुणालाच का दिसली नाही? ज्यावर अलर्ट द्यायचा नाही अशा दुर्लक्षाच्या यादीत 'फर्मवेअर बग' हे दोन शब्द होते. मीच घातलेले, दोन वर्षांपूर्वी. तेव्हा काही मशीन दर बूटला तक्रार करायची की बायोसने, म्हणजे त्यांच्या फर्मवेअरने, प्रोसेसरमधल्या घटना मोजणारे परफॉर्मन्स काउंटर आधीच वापरात घेतलेत. पर्फला एखादा काउंटर कमी मिळतो, बाकी काही बिघडत नाही. रोजचे अलर्ट नकोसे झाले, म्हणून संपूर्ण वाक्याऐवजी नुसता शिक्काच गाळून टाकला. कर्नलच्या सोर्समध्ये या शिक्क्याशेजारी टीप आहे: फर्मवेअर खात्रीने चुकीचं किंवा मूर्खासारखं वागतंय तेव्हाच तो मारायचा, घोळ कर्नलनेच घातला असण्याची शंका असेल तर त्यासाठी वेगळा, सौम्य शिक्का आहे. ही टीप मी परवा वाचली.

टीमलीडने सुचवलं की कर्नलला 'टीएससी विश्वासार्ह आहे' असा पॅरामीटर देऊन मोकळे होऊ. मी ठाम नकार दिला. त्या पॅरामीटरने मोजक जुळवले जात नाहीत, तपासणी तेवढी थांबते. मग एखादा प्रोसेस एका सॉकेटवरून दुसऱ्यावर गेला की त्याची वेळ मागे जाऊ शकते, आणि तेही डेटाबेसवर.

रात्री मशीन बंद करून दोन्ही पॉवर केबल काढल्या, थोडं थांबून पुन्हा लावल्या. लॉगमध्ये तक्रार नाही, घड्याळ पुन्हा टीएससी. खात्रीसाठी लगेच साधा रीबूट केला: तक्रार हजर. हे मशीन बसवताना वीज देऊन सुरू झालं, त्यानंतर चारशेहून जास्त दिवस ते चालूच होतं. शनिवारचा त्याचा पहिलाच वॉर्म रीबूट, म्हणजे वीज न तोडता केलेला. नवं कर्नल उगाच बदनाम झालं.

सर्व्हर कंपनीच्या सपोर्टने तेच लॉग तीनदा मागवले आणि शेवटी म्हणाले, ताजं फर्मवेअर घाला. घातलं. आता वॉर्म रीबूटलाही ओळ येत नाही. बदलांच्या यादीत लिहिलंय 'स्थिरतेत सुधारणा'.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. सीपीयू ० मधला तो उणे आकडा दुसऱ्या सॉकेटशी जुळवण्यासाठीच फर्मवेअरने घातला असेल तर? मग शून्य करून जोडी फोडली ती कर्नलने. दुसऱ्या सॉकेटच्या रजिस्टरमध्ये त्या वेळी काय होतं हे पाहायला हवं होतं, पण फर्मवेअर घालायच्या घाईत ते राहून गेलं.

यादीतले ते दोन शब्द मी काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी १९ अलर्ट, सगळे जुन्या मशीनचे, काउंटरवाले. सहकाऱ्याचा मेसेज आला, "सर, हे बंद करू ना?" मी म्हटलं, कर, पण वाक्य पूर्ण लिही.