इन्स्टॉलेशन दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर अडकायचं

मॅडम करसल्लागार, ऑफिस सांगलीतच. लॅपटॉप अचानक सुरू व्हायचा बंद झालेला. दुसऱ्या एका दुकानात त्यावर विंडोज टाकून बघितलं, जमलं नाही, आणि ‘एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क) गेली’ असं सांगून लॅपटॉप परत दिला, म्हणून त्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या. तारीख होती १७ आणि २० तारखेच्या आत जीएसटीचे थ्री-बी रिटर्न भरायचे. "दादा, नवीन एसएसडी घाला, पण डी ड्राइव्हमधला टॅलीचा डेटा काहीही करून काढून द्या," एवढंच त्यांचं म्हणणं. टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर.

विंडोज ११ चा पेनड्राइव्ह लावला, तर सेटअपला खरंच एकही ड्राइव्ह दिसेना. बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) मात्र तीच एसएसडी नावासकट हजर. म्हणजे मेलेली नव्हती. अकराव्या जनरेशनपासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या आड असते आणि सेटअपजवळ त्याचा ड्रायव्हर (तो ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) नसला की तो हात वर करतो. इंटेलचा आरएसटी नावाचा तोच ड्रायव्हर पेनड्राइव्हवर टाकून ‘लोड ड्रायव्हर’ केलं, सगळी पार्टिशनं समोर आली. एवढ्याशा कारणासाठी किती धडधाकट एसएसडी बदलल्या गेल्या असतील, देव जाणे.

सी ड्राइव्हला हात लावण्याआधी लिनक्सच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून डी ड्राइव्ह एक्स्टर्नल डिस्कवर उतरवून घेतला. ही आमच्या दुकानातली रीतच आहे. मग इन्स्टॉलेशन सुरू केलं आणि मॅडमना फोन करून सांगितलं, संध्याकाळी या.

संध्याकाळ दूरच राहिली. फाइल्स कॉपी होताना ३४ टक्क्यांवर एरर, कोड ८००७०२५डी. पुन्हा सुरू केलं, या वेळी ७१ वर. मग १२ वर. पेनड्राइव्ह बदलला, आयएसओ (विंडोजच्या सेटअपची फाइल) नव्याने डाउनलोड केली, तरी तेच.

पेनड्राइव्हवरची फाइल खराब असेल तर गाडी दर वेळी साधारण त्याच ठिकाणी रुतते. इथे ठिकाणच बदलत होतं. विंडोजची मुख्य फाइल कॉम्प्रेस केलेली असते. ती रॅममध्ये (लॅपटॉपच्या तात्पुरत्या मेमरीत) उलगडून, तपासून मगच डिस्कवर लिहिली जाते. रॅमचा एखादा कोपरा सडका असेल, तर डेटा त्यावर कधी आणि कोणता पडेल याचा नेम नसतो. मॅडमना पुन्हा फोन केला आणि विचारलं, "यात रॅम वाढवून घेतली होती का?" घेतली होती, दोन महिन्यांपूर्वी. बोर्डावर ८ जीबी सोल्डर केलेली, स्लॉटमध्ये आणखी ८ जीबी.

सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमला सुरू होऊ न देणारी सोय) बंद करून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावला. पहिली फेरी स्वच्छ पार पडली. बरेच जण इथेच थांबून ‘रॅम ओके’ म्हणतात. मी तसाच चालू ठेवून दुसऱ्या कामाला लागलो. मशीन चांगलं तापल्यावर दुसऱ्या फेरीत एररची ओळ उमटली. एका रकान्यात अपेक्षित आकडा, शेजारी प्रत्यक्ष सापडलेला; दोन्ही इतके सारखे की फरक शोधायला बोट ठेवून वाचावं लागलं. मधला एकच अंक वेगळा. त्यानंतर ओळी वाढतच गेल्या.

स्लॉटमधली रॅम काढली, मेमटेस्ट पुन्हा लावला. एकही एरर नाही. मग विंडोज पहिल्या झटक्यात इन्स्टॉल झालं.

पण आधी घेतलेला बॅकअप याच रॅममधून गेला होता. मूळ डी ड्राइव्ह आणि बॅकअप, दोन्हीकडच्या सगळ्या फाइल्सचे चेकसम (फाइलमधल्या डेटावरून निघणारा, ठशासारखा आकडा) काढून ताडले. मोजक्या फाइल्स जुळल्या नाहीत. फाइलची नावं तीच, साइज तीच, कॉपी करताना कुठली तक्रारही आली नव्हती. सर्व्हरच्या ईसीसी (चूक ओळखणाऱ्या) रॅमला असा उलटलेला बिट, म्हणजे ० चा १ किंवा १ चा ० झालेला, कळतो, ती तो दुरुस्तही करते. साध्या लॅपटॉपच्या रॅमला ती सोय नसते. तो बॅकअप टाकून दिला आणि नव्याने घेतला.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गेल्या दोन महिन्यांत टॅलीचा डेटा सारखा रिपेअर करायला लागायचा. मला वाटायचं लाइट जाते म्हणून." लॅपटॉपला बॅटरी असते, लाइट गेल्याने त्याला काय होणार, पण ते मी बोललो नाही. त्यांना वेगळीच काळजी होती. दोन महिन्यांत ज्या नोंदी झाल्या, त्या सगळ्या याच रॅममधून डिस्कवर गेलेल्या. त्या खऱ्या कशावरून? मूळ फाइल आणि कॉपी जुळतात एवढंच मी सांगू शकत होतो. मूळ फाइलच लिहिताना बिघडली असेल तर चेकसमला ते कळत नाही.

१८ तारखेला त्यांच्या ऑफिसातली दोन मुलं त्या काळातली बिलं काढून टॅलीच्या नोंदी पडताळत बसली. एका पार्टीच्या खात्याची काही व्हाउचर्स उघडेनात, ती पुन्हा घालावी लागली. बाकी जुळलं आणि रिटर्न वेळेत गेले.

रॅम वॉरंटीत होती. ज्यांनी बसवली होती त्यांच्याकडून मॅडमनी ती भांडून बदलून घेतली आणि लॅपटॉपसकट माझ्याकडे आणली. बसवून लॅपटॉप रात्रभर मेमटेस्टवर ठेवला आणि सकाळी परत दिला.